सणसवाडी–वाल्पराइसो, मार्गे केडगाव

सणसवाडी, आज

दुपारची पाळी बदलायची वेळ. पुणे–नगर रस्त्याची एक कड कंपन्यांच्या बसगाड्यांनी अडवून धरली आहे आणि तुम्ही टपरीवर कटिंग हातात घेऊन उभे आहात. बाजूला चौघे जण मराठवाडी बोलीत सोयाबीनच्या भावावर वाद घालतायत, त्यांच्या पलीकडे दोघांची भोजपुरी चाललीय. गळ्यात ओळखपत्र, पायात सेफ्टी शूज. खोली भाड्याची, नोकरी कंत्राटाची, आणि गावजत्रेच्या वर्गणीच्या यादीत यांच्यापैकी कुणाचंच नाव नाही.

ही गर्दी नीट बघून ठेवा. ज्या चळवळीच्या मागावर तुम्ही निघालात ती अशाच माणसांत उभी राहिली. मागचं गाव सुटलेलं आणि नव्या गावाने अजून आपलं न म्हटलेलं, अशी ही माणसं.

या ख्रिस्ती चळवळीचं, मेथडिझमचं, नाव या रस्त्यावर सहसा कानावर पडत नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याहून नगरला जाणारे मिशनरी याच वाटेने गेले. पण ते अमेरिकन मराठी मिशनचे, काँग्रिगेशनल पंथाचे. शिरूरला त्यांचं ठाणं होतं. मेथडिस्ट मंडळी या मुलखात शिरली ती रेल्वेने, इथून दक्षिणेला, भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यात. न्हावरे, पारगाव करत गेलात तर आज केडगाव तासा-सव्वा तासावर आहे. पण तुम्हाला आडवाटेने, आधी इंग्लंड गाठून जायचंय. चहा संपवा.

ब्रिस्टल, २ एप्रिल १७३९

सोमवार, दुपारचे चार. शहराच्या कडेला वीटभट्टीची जागा आहे. पायाखालची चिकणमाती बुटांना धरून बसते. भोवती दोन-तीन हजार माणसं असतील आणि ब्रिस्टलमध्ये ज्यांना कुणी दारात उभं करत नाही, अशीही त्यांत बरीच आहेत. जवळच किंग्जवुडच्या कोळसा खाणी आहेत. खाणींभोवती वस्ती फुगत गेली, पण तिथे धड चर्च नाही की शाळा नाही. धान्य महागलं की हेच खाणकामगार शहरावर चालून येतात, म्हणून शहर त्यांना टरकून असतं.

दीड महिन्यापूर्वी जॉर्ज व्हाइटफील्ड नावाचा चोवीस वर्षांचा उपदेशक या खाणकामगारांपुढे उघड्यावर बोलला. कोळशाने काळ्या पडलेल्या गालांवर आसवांचे पांढरे ओघळ उतरलेले त्याने पाहिले. आता त्याला दुसरीकडे जायचंय, म्हणून त्याने आपला मित्र बोलावून घेतलाय. तो बघा, उंचवट्यावर चढतोय. जॉन वेस्ली, वय ३५, चणीने अगदी लहानखुरा, ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजचा फेलो. जवळ उभे असाल तर चेहऱ्यावरचा संकोच दिसेल. चर्चच्या भिंतींबाहेर उपदेश करणं त्याला कालपरवापर्यंत जवळजवळ पाप वाटत होतं.

माणूस शिस्तीत वाढलेला. एपवर्थ गावच्या पाद्र्याचा मुलगा. पाच वर्षांचा असताना घराला आग लागली आणि माणसांनी एकमेकांच्या खांद्यावर चढून त्याला खिडकीतून काढलं. आई सुझॅना. तिला एकोणीस मुलं झाली, त्यांतली बरीच लहानपणी गेली. उरलेल्यांना तिने घरीच, वेळ लावून शिकवलं. ऑक्सफर्डात जॉन आणि धाकटा भाऊ चार्ल्स यांनी मित्रांचा गट जमवला. ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या दिवशी उपास, तुरुंगातल्या कैद्यांना भेटी. बाकीची पोरं चेष्टेने त्यांना मेथडिस्ट म्हणू लागली. मग जॉन अमेरिकेत जॉर्जियाला गेला आणि हात हलवत परत आला. अखेर २४ मे १७३८ च्या रात्री, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका लहानशा सभेत, आपल्यासारख्यालाही क्षमा आहे, ही खात्री त्याला आतून पटली. शिस्त आधीपासून होती, आता तिच्यात ऊब आली. पुढे जे काही घडलं ते या दोन्हींच्या जोरावर.

वेस्ली बोलू लागतो. गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, असं सांगणारं वचन त्याने निवडलंय. व्हाइटफील्डसारखा गडगडाट त्याच्या आवाजात नाही. पण तुमच्या शेजारचा खाणकामगार टोपी काढून उभा राहतो आणि शेवटपर्यंत ती डोक्यावर चढवत नाही. आजपासून पुढची पन्नास वर्षं हा लहानखुरा माणूस रस्त्यावर काढणार आहे, बहुतेक घोड्यावर. सुमारे अडीच लाख मैल, असा हिशेब सांगितला जातो.

ब्रिस्टल, फेब्रुवारी १७४२

तीन वर्षांत जागा बदलली. आता तुम्ही चार भिंतींच्या आत आहात. ही वेस्लीच्या लोकांनी बांधलेली पहिली इमारत, तिला न्यू रूम म्हणतात. बांधकामाचं कर्ज डोक्यावर आहे. ते फेडायचं कसं, यावर बैठक बसलीय.

फॉय नावाचा एक कप्तान तोडगा काढतो. कर्ज फिटेपर्यंत दर माणशी आठवड्याला एक पेनी. कुणीतरी अडवतं, अनेकांना तेवढंही झेपणार नाही. फॉय म्हणतो, त्यांतले सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्या नावावर लिहा. देतील तर घेईन, नाही तर त्यांचं मी भरीन. इतरही तयार होतात. बारा-बाराचे गट पडतात.

सणसवाडीतल्या एखाद्या बाईला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. हा बचत गटच आहे. पैसे गोळा करणारा घरोघर जाऊ लागला तेव्हा पैशापलीकडचं बरंच त्याच्या नजरेस पडलं. कोण आजारी आहे, कोण दारू पितो, कुणाच्या घरात मारहाण आहे. वेस्लीने हे हेरलं आणि वर्गणीच्या गटाचा त्याने वर्ग केला. आठवड्याला एक बैठक, प्रत्येकाने आपल्या मनाची स्थिती सगळ्यांपुढे सांगायची, पुढाऱ्याने विचारपूस करायची. दर तिमाहीला नवं तिकीट. वागणूक बिघडली तर तिकीट नाही.

अशा एका वर्गात जाऊन बसा. पुढारी म्हणून समोर चांभार असेल, विणकर असेल, धुणं धुणारी बाई असेल. ज्यांना कुणी कधी मत विचारलं नव्हतं त्यांना दर आठवड्याला दहा-अकरा जणांसमोर तोंड उघडावं लागतं, हिशेब ठेवावा लागतो, दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं. चार्ल्सने लिहिलेली हजारो गाणी ही मंडळी पाठ करून गातात. १८३४ साली डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटनेची गुप्त शपथ घेतल्याबद्दल ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलं. त्यांचा म्होरक्या जॉर्ज लव्हलेस मेथडिस्ट उपदेशक होता. ब्रिटिश कामगार चळवळीने सभा चालवायची आणि वर्गणी गोळा करायची रीत बऱ्याच अंशी याच वर्गांतून उचलली. सणसवाडीच्या फाटकावर आज युनियनचा फलक लागतो, त्याच्या पूर्वजांत हा पेनीचा वर्गही आहे.

१७४२ च्याच जूनमध्ये एपवर्थला जाऊन या. वेस्ली आपल्या गावी आलाय. वडिलांनी जिथे जवळजवळ चाळीस वर्षं उपदेश केला त्या चर्चमध्ये नवा पाद्री त्याला बोलू देत नाही. संध्याकाळी वेस्ली चर्चच्या आवारातल्या वडिलांच्या थडग्यावर चढून उभा राहतो आणि तिथून बोलतो. आत कधी जमली नसती एवढी माणसं बाहेर जमतात. पुढचा सगळा इतिहास या एका संध्याकाळी बघून झाल्यासारखा आहे. दार लावलं की माणूस बाहेर उभं राहून बोलतं, आणि ऐकणारे त्याच्याकडे जातात.

पण एवढं बघून गाफील राहू नका. दार लावणारे पुढे मेथडिस्टच झाले. सेरा क्रॉस्बी, मेरी बोझॅन्केट यांच्यासारख्या बायकांना वेस्लीने उपदेश करू दिला. तो १७९१ साली गेला, आणि १८०३ मध्ये त्याच्याच लोकांच्या परिषदेने बायकांच्या उपदेशावर निर्बंध घातले. वेस्लीने मरणाच्या जेमतेम आठवडाभर आधी ब्रिटिश खासदार विल्बरफोर्सला पत्र लिहून गुलामगिरीविरुद्ध लढत राहायला सांगितलं होतं. इकडे अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या मेथडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या काळ्या माणसांना ओढून उठवलं गेलं. त्यांतून बाहेर पडलेल्या रिचर्ड ॲलनने १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभं केलं.

पुणे कॅम्प, १८७३

आता तुम्ही ओळखीच्या हवेत आलात. छावणीतला एक हॉल, कंदिलांचा उजेड, बाकांवर गोरे शिपाई, रेल्वे आणि तारखात्यातले अँग्लो-इंडियन. मागच्या बाजूला अठरा-एकोणीस वर्षांचा एक तरुण येऊन बसलाय. विल्यम ओल्डम. जन्म बंगळूरचा, नोकरी सरकारी मोजणी खात्यात.

ही सभा ज्याच्यामुळे भरली तो विल्यम टेलर. कॅलिफोर्नियात सोन्याची झुंबड उडाली तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर उभं राहून उपदेश करणारा, धिप्पाड, दाढीवाला माणूस. १८७१ च्या अखेरीस त्याने मुंबईत घराघरांत सभा घ्यायला सुरुवात केली, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मुंबईची मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. तिला जॉर्ज बोवेनचं पाठबळ मिळालं. बोवेन १८४८ पासून मुंबईत. मिशनचा पगार सोडून देशी वस्तीत अगदी थोडक्यात राहणारा, ‘बॉम्बे गार्डियन’चा संपादक. कुलाब्याच्या मेथडिस्ट चर्चला त्याचंच नाव आहे.

टेलरचा हट्ट एकच. परदेशातून पैसा मागवायचा नाही, मंडळीने आपला खर्च आपण करायचा. म्हणून तो इंग्रजी बोलणाऱ्या कमावत्या लोकांपासून सुरुवात करतो. मराठी माणसाच्या बाजूने पाहिलं तर हे हॉल बराच काळ परकेच राहिले, हेही खरं.

ओल्डमकडे लक्ष द्या. डॅनियल फॉक्स या उपदेशकाचं बोलणं ऐकायला तो नुसत्या कुतूहलाने आलाय आणि उठताना मन ठरवून उठतो. बारा वर्षांनी, १८८५ मध्ये, तो सिंगापूरला जाऊन तिथलं मेथडिस्ट काम सुरू करील आणि १८८६ मध्ये अँग्लो-चायनीज स्कूल काढील. ती शाळा आजही तिथल्या नामांकित शाळांत मोडते. सिंगापूरच्या मेथडिस्ट इतिहासाचं पहिलं पान पुणे कॅम्पात लिहिलं गेलं.

टेलर मात्र तोवर पुढे निघून गेला. १८७७-७८ मध्ये त्याने दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, चिलीसह, अशाच स्वावलंबी मिशनांची बीजं टाकली. पुण्यात आणि चिलीत एकाच हाताने पेरणी झाली. या दोन शेतांची गाठ पुढे केडगावात पडणार आहे.

केडगाव, ३० जून १९०५

जी.आय.पी. रेल्वेची गाडी तुम्हाला केडगावच्या फलाटावर सोडून दौंडकडे निघून जाते. थोडं चाललात की पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं आवार लागतं.

रमाबाईंना पुण्याने डोक्यावर घेतलं आणि पुण्यानेच खाली उतरवलं. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये पदवी दिलेली ही विदुषी १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाली. अमेरिकेत तिची फ्रान्सिस विलर्डशी मैत्री झाली. विलर्ड मेथडिस्ट, दारूबंदीच्या चळवळीची पुढारी. १८८८ मध्ये मेथडिस्टांच्या सर्वसाधारण परिषदेवर ती निवडून आली आणि बाई म्हणून परिषदेने तिला बसू दिलं नाही. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातायत, अशी ओरड झाली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, ‘केसरी’ने तर झोडपून काढलं. धर्म बाजूला ठेवू, असं सांगून सुरू केलेल्या संस्थेत धर्म आला, हा आक्षेप पोकळ नव्हता. पण सदनाबाहेर त्या बालविधवांना जागा कुठे होती, या प्रश्नाला आक्षेप घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांकडे उत्तर होतं.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, शहरात एवढ्या मुली ठेवायला मनाई झाली. मग केडगावच्या माळावर तंबू पडले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. आता आवारात दोन हजारांच्या आसपास माणसं राहतात, जवळजवळ सगळ्या बायका आणि मुली.

छापखान्यात डोकवा. मुली खिळे जुळवतायत. पुढ्यातल्या खणांतून शिशाचे खिळे बोटांनी उचलायचे आणि पट्टीवर ओळीने बसवायचे. अक्षरं उलटी, म्हणजे वेलांटीची बाजू डोळ्यांना उलट दिसणार, आणि जोडाक्षर आलं की वेगळा खण शोधायचा. अजिबात न बघता हात योग्य खणात जातो, इतकी सवय एकीला झालीय. बोटांची टोकं करडी पडली आहेत. रमाबाईंचं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल याच छापखान्यात छापलं जाणार आहे. ते भाषांतर त्यांनी १९२२ मध्ये, मृत्यूच्या अगदी तोंडावर, संपवलं. छापील ग्रंथ दोन वर्षांनी आला.

रमाबाईंनी स्वतःवर कुठल्याच पंथाचा शिक्का मारून घेतला नाही. पण त्यांच्या भोवती मेथडिस्टांचा वावर मोठा. मुलगी मनोरमा न्यूयॉर्क राज्यातल्या फ्री मेथडिस्टांच्या शाळेत शिकून आलीय. या फ्री मेथडिस्टांचा संस्थापक बी. टी. रॉबर्ट्स यालाही मेथडिस्टांनीच बाहेर काढलं होतं. पैसे भरणाऱ्यांना चर्चमधले बाक राखून ठेवायला त्याचा विरोध होता. इकडे दौंडला अल्बर्ट नॉर्टन दुष्काळातल्या मुलग्यांचा आश्रम चालवतो. तो टेलरच्या काळात भारतात आलेला आणि पुढे मिशनचा आधार सोडून स्वतंत्र झालेला.

आणि समोरून येतेय ती मिनी ॲब्रम्स. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या शेतकरी घरात वाढलेली, शिकागोच्या मिशनरी प्रशिक्षण शाळेत शिकलेली, १८८७ मध्ये मेथडिस्ट सेविका म्हणून मुंबईला आली. १८९८ च्या सुमाराला ती रमाबाईंना येऊन मिळाली.

यंदा जानेवारीपासून इथे रोज प्रार्थनेला गट जमतोय. सुरुवातीला सत्तरेक जणी होत्या, आता साडेपाचशेच्या वर गेल्यात. काल रात्री एका खोलीत एक मुलगी ओरडून उठली, आपल्या अंगात आग शिरलीय म्हणाली. शेजारची मुलगी धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार तोच तिच्या लक्षात आलं, आग कुठेच नाही. इथल्या बायका तिला आत्म्याची आग म्हणतात. तुम्ही तिला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. बादली मात्र खरीखुरी होती.

संध्याकाळच्या सभेत रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगतायत. एकाएकी मुली रडायला लागतात, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागतात. एकीचं संपेपर्यंत दुसरी थांबत नाही. शेकडो आवाज एकाच वेळी. रमाबाईंचा आवाज बुडतो, आणि त्या बोलायचं थांबवतात. देशभर व्याख्यानं गाजवलेली बाई या पोरींपुढे गप्प बसते.

पुढचे कित्येक महिने असेच जातात. मुलींच्या टोळ्या गावोगाव उपदेशाला जाऊ लागतात. काही मिशनऱ्यांना हा आरडाओरडा पसंत पडत नाही. रमाबाईंचं म्हणणं असं की हिंदुस्थानी माणसाने हिंदुस्थानी रीतीने भजन करावं, पाश्चात्त्य चर्चची टापटीप त्यांच्यावर लादू नये. पेनीच्या वर्गात जे सुरू झालं होतं ते इथे टोकाला गेलंय. आई-बाप दुष्काळात गमावलेली, जातीने आणि घराने टाकलेली मुलगी उभी राहून बोलते आणि बाकीचे ऐकतात.

ॲब्रम्स हे सगळं एका छोट्या पुस्तकात उतरवते. पवित्र आत्म्याचा आणि अग्नीचा बाप्तिस्मा, हा त्याचा विषय. १९०६ मध्ये ते मुक्तीच्याच छापखान्यातून निघतं. तिची शिकागोच्या शाळेतली एक मैत्रीण, मे लुईज हूव्हर, लग्न होऊन चिलीत गेली आहे. तिच्याकडे एक प्रत रवाना होते.

वाल्पराइसो, चिली, १९०९

केडगावहून पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या टोकाला तुम्ही पॅसिफिकच्या एका बंदरात उतरलात. टेकड्यांवर चढत गेलेली घरं, १९०६ च्या भूकंपाच्या खुणा अजून जागोजाग. इथल्या मेथडिस्ट मंडळीचा पाद्री विलिस हूव्हर, मे लुईजचा नवरा. दोघं चिलीत आले १८८९ मध्ये, टेलरने घातलेल्या त्याच स्वावलंबी घडीत.

पुस्तक त्यांच्या हाती १९०७ मध्ये पडलं. एवढे दिवस चांगलं, नेमस्त मेथडिस्ट आयुष्य काढलेल्या हूव्हरला केडगावच्या मुलींचं वाचून प्रश्न पडला, आपल्याकडे हे का नाही? त्याने पत्रं लिहिली, मंडळीला रोज प्रार्थनेला बसवलं. आता १९०९ साल आहे आणि तुम्ही सभेत उभे आहात. सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करतायत. गोदीतले हमाल, मोलकरणी, चांभार. भाषा स्पॅनिश. पण डोळे मिटलेत तर आवाजाची लाट ओळखीची वाटेल. ती तुम्ही दौंड तालुक्यात ऐकलीय.

एपवर्थची संध्याकाळ आठवतेय? सप्टेंबरमध्ये सान्तियागोच्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये याच मंडळींतली एक बाई बोलायला उठते आणि तिला बोलू देत नाहीत. प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. फेब्रुवारी १९१० मध्ये वार्षिक परिषद हूव्हरवर ठपका ठेवते की त्याची शिकवण मेथडिस्ट नव्हे. त्याच्या मंडळीतले लोक बाहेर पडतात, पाठोपाठ तोही. बाहेर पडून ते नाव घेतात मेथडिस्ट पेन्टेकोस्टल चर्च. पेन्टेकोस्टल म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणारे. ज्यांनी बाहेर घातलं त्यांचं नाव आधी आणि आपलं मागाहून.

इमारत नाही, परदेशी पैसा नाही. मग रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून गाणी म्हणायची आणि आपली कहाणी सांगायची. टेलरने सॅन फ्रान्सिस्कोत आणि वेस्लीने ब्रिस्टलमध्ये हेच केलं होतं. चिलीतले बहुसंख्य प्रॉटेस्टंट आज पेन्टेकोस्टल आहेत, आणि त्यांची मुळं शोधत गेलं की १९०९ च्या याच सभांपाशी पोचावं लागतं. १९६१ मध्ये जागतिक चर्च परिषदेचं अधिवेशन नवी दिल्लीत भरलं तेव्हा चिलीची दोन पेन्टेकोस्टल चर्चं तिची सभासद झाली. केडगावच्या छापखान्यातून निघालेली गोष्ट पन्नासेक वर्षांत पृथ्वीला वळसा घालून दिल्लीला पोचली.

मिनी ॲब्रम्स १९१२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात वारली. रमाबाईंची मुलगी मनोरमा १९२१ मध्ये आणि रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच गेल्या. खिळे जुळवणाऱ्या मुलींची नावं चिलीच्या इतिहासात नाहीत. त्यांच्या बोटांतून गेलेला मजकूर आहे.

नागपूर, डिसेंबर १९५५

हिस्लॉप कॉलेजच्या आवारात सकाळी एक उंच, सडपातळ काळा अमेरिकन वर्तमानपत्र उघडतो. जेम्स लॉसन, वय २७, मेथडिस्ट पाद्र्याचा मुलगा. कोरियन युद्धात सैन्यभरती नाकारली म्हणून वर्षभर तुरुंगात राहून आलेला. मेथडिस्ट मिशनने त्याला इथे शिकवायला आणि मुलांकडून खेळांचा सराव करून घ्यायला पाठवलंय. फावल्या वेळात तो गांधींबरोबर काम केलेल्या लोकांना भेटतो, सत्याग्रह कसा उभा राहतो ते विचारून घेतो. मिठाची मूठ उचलण्याआधी किती तयारी लागते, हे त्याला समजून घ्यायचंय.

आजच्या अंकात अलाबामातल्या माँटगोमरी शहराची बातमी आहे. काळ्या लोकांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातलाय, पुढारी किंग नावाचा एक तरुण पाद्री. लॉसन आनंदाने ओरडतो. १९५७ च्या सुरुवातीला त्याची मार्टिन ल्यूथर किंगशी भेट होते, आणि किंग त्याला दक्षिणेत यायचा आग्रह करतो. नॅशव्हिलमध्ये लॉसन विद्यार्थ्यांना चर्चच्या तळघरात बसवून सराव करून घेतो. शिव्या खा, थुंकी पुसा, हात उचलू नका. १९६० मध्ये ही मुलं गोऱ्यांसाठी राखीव उपाहारगृहांत जाऊन बसतात. लॉसन ज्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकत होता ते त्याला काढून टाकतं. विद्यापीठ मूळचं मेथडिस्टांनीच काढलेलं. छोटा गट, आठवड्याची बैठक, प्रत्येकाला बोलायला लावणं. नॅशव्हिलच्या तळघरात विदर्भातून शिकून नेलेला सत्याग्रह होता, आणि कप्तान फॉयचा वर्गही.

नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०

शहर तेच, पंधरा वर्षांनंतर. ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात उत्तर भारतातली सहा चर्चं एक होतायत, नाव चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. नगर-शिरूरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्याही त्यात आहेत, ब्रिटिश मेथडिस्टही आहेत. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट, म्हणजे टेलरचे आणि ॲब्रम्सचे वारस, अनेक वर्षं बोलणी करून ऐन वेळी मागे फिरले. त्यांची स्वतंत्र मेथडिस्ट चर्च इन इंडिया जानेवारी १९८१ मध्ये उभी राहील. तिचं मुख्य कार्यालय मुंबईत असेल.

मांडवात जागा, मालमत्ता, बिशप, घटना यांची चर्चा ऐकू येते. हे मुद्दे क्षुल्लक नाहीत. शाळा, दवाखाने, पगार, निवृत्तिवेतन यांवर हजारो घरं चालतात. वेस्लीलाही हिशेबाचं वावडं नव्हतं, त्याने तर पेनीपेनीची वही ठेवायला लावली. पण १७८६ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्याने आपली खरी भीती लिहून ठेवली होती. मेथडिस्ट संपतील, याची त्याला धास्ती नव्हती. ते टिकतील आणि नुसतं टरफल उरेल, याची होती.

त्याच्या भीतीत किती तथ्य होतं ते मोजायला सभासदांचे आकडे कामाचे नाहीत. खाणकामगार, शेतमजूर, फिलाडेल्फियाचे काळे, केडगावच्या पोरी, वाल्पराइसोचे हमाल, नॅशव्हिलचे विद्यार्थी, ही माणसं कुठल्याच परिषदेने निवडून आणली नव्हती. बहुतेकांना कुठल्या ना कुठल्या परिषदेने, शहराने किंवा विद्यापीठाने बाहेरच काढलं. त्यांना कुणीतरी आठवड्याला एकदा बसवलं, बोलायला लावलं आणि ऐकून घेतलं, तिथे ही चळवळ जिवंत राहिली, मग पाटीवर नाव मेथडिस्ट असो वा नसो. जिथे हे थांबलं तिथे इमारती राहिल्या, कोर्टकज्जे राहिले, रविवारची घंटा राहिली. पुढचा वर्ग कुठे भरेल, हे मांडवातल्या कुणालाही ठराव करून ठरवता येणार नाही. १७३९ मध्ये ते ब्रिस्टलच्या चर्चवाल्यांना ठरवता आलं नाही, १९०५ मध्ये पुण्या-मुंबईच्या मिशनऱ्यांनाही नाही.